रुमाल, गूळ आणि फरशीची धूळ

प्रश्न : आमच्याकडे सध्या स्वयंपाकघराचं काम निघालंय. जुना ओटा तोडून नवा बसवतोय, फरशीही बदलतोय. फरशी कापणारा मुलगा पंचविशीचा असेल. कटर सुरू झाला की सगळं घर पांढरं होतं. तो तोंडाला रुमाल बांधतो आणि संध्याकाळी न चुकता गुळाचा खडा मागतो. म्हणतो, ‘काकू, गूळ खाल्ला की छातीतली धूळ पोटात उतरते.’ हे खरं का? नाकात केस असताना धूळ छातीत जातेच कशी? त्याला खोकलाबिकला तर काही नाही, मग उगाच काळजी करू नये ना?
— एक गृहिणी, डोंबिवली

उत्तर : गुळापासून सुरुवात केली असती, पण गुळाचा निकाल लावायला आधी धुळीची ओळख हवी. म्हणून गूळ तूर्त डब्यातच ठेवू.

तुमचं घर ‘पांढरं’ करणारी धूळ ती नव्हे, जिची भीती बाळगायची. हे ऐकायला विचित्र वाटेल. कटरच्या पात्यातून उडणाऱ्या धुळीत मोठे कण असतात तसे अतिशय बारीकही असतात. मोठे कण जड. ते दोन-चार सेकंदांत खाली बसतात, भांड्यांवर साय धरतात, तुम्हाला चिडवतात आणि तुम्ही ते पुसून काढता. एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा दगडाचा कण मात्र माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून जमिनीवर यायला, हवा अगदी स्थिर असली तरी, चार-पाच तास घेतो. पंखा चालू असेल तर त्याहूनही जास्त. कटर बंद झाला, धूर विरला, तुम्ही म्हणालात ‘चला, संपलं’, तरी तो कण हवेतच असतो. डोळ्याला दिसत नाही एवढंच. आपला केस पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. त्याच्या पन्नासाव्या भागाएवढी वस्तू दिसायची कशी?

आता नाकातल्या केसांचं. ते बिचारे आपलं काम चोख करतात. दहा मायक्रॉनच्या वरचे बहुतेक कण नाकात आणि घशातच अडकतात. संध्याकाळी तो मुलगा नाक शिंकरतो तेव्हा काळपट-पांढरं जे निघतं ते हेच. त्याखालचे काही कण श्वासनलिकेत उतरतात. तिथे दुसरी चौकी असते. नळ्यांच्या आतल्या भिंतीवर चिकट द्रावाचा थर असतो आणि त्याखाली सूक्ष्म रोम, जे एकसारखे वरच्या दिशेने हलत राहतात. कण त्या थराला चिकटतो आणि सरकत्या जिन्यावर उभं राहिल्यासारखा वर घशापर्यंत येतो. मग आपण तो खाकरून टाकतो किंवा नकळत गिळतो. (विडी-सिगारेटचा धूर नेमका या रोमांनाच लुळं करतो. धुळीत काम करणाऱ्याने विडी ओढणं म्हणजे दारावरच्या पहारेकऱ्याला आपणच झोपवणं.)

पण श्वासनलिका झाडाच्या फांदीसारखी दुभंगत जाते, एकदा नव्हे, सुमारे तेवीस वेळा. शेवटच्या फांद्यांना वायुकोश नावाचे बारीक फुगे असतात. प्राणवायू रक्तात मिसळतो तो इथे, त्यामुळे इथली भिंत अतिशय पातळ, आणि इथे तो सरकता जिना नाही. चार-पाच मायक्रॉनच्या आतला कण इथवर पोचतो. त्याची विल्हेवाट लावायला शरीराने भक्षक पेशी ठेवल्या आहेत. त्या कण गिळतात आणि जमेल तेवढा मार्गी लावतात. शहरात राहणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या छातीत हा उद्योग रोज चालतो आणि बहुतेक वेळा निभतो.

निभत नाही तो एका विशिष्ट दगडाच्या बाबतीत. त्याचं नाव क्वार्ट्झ, मराठीत गारगोटी. शास्त्रज्ञ त्याला स्फटिकी सिलिका म्हणतात. भक्षक पेशी गारगोटीचा कण गिळते, पण पचवू शकत नाही. उलट तो कणच पेशीला मारतो. पेशी फुटली की आतली दाहक द्रव्यं बाहेर सांडतात आणि कण पुन्हा मोकळा होतो. मग दुसरी पेशी येते, त्याला गिळते, मरते. हा खेळ थांबत नाही, कारण कण झिजत नाही. दर फेरीत आजूबाजूला थोडा दाह होतो, आणि जखम भरताना कातडीवर वण उठावा तसा आत वण धरतो. असे वण साठत गेले, त्यांच्या गाठी झाल्या, की स्पंजासारखं फुफ्फुस ठिकठिकाणी घट्ट होतं. हाच सिलिकोसिस. आणि म्हणूनच काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो: माणूस साइट सोडतो, कण छाती सोडत नाही.

इथे एक लोकप्रिय गैरसमज दूर करायला हवा. बांधकामावरचा माणूस खोकू लागला की सगळे म्हणतात, ‘सिमेंट गेलं छातीत.’ सिमेंट काही साधुसंत नाही. ते क्षारयुक्त असतं, हात सोलवटतं, नाक-घसा जाळतं, दमेकऱ्याला त्रास देतं. पण गोणीतल्या कोऱ्या सिमेंटमध्ये मोकळा क्वार्ट्झ फार थोडा असतो; चुनखडी आणि माती भट्टीत भाजताना सिलिका कॅल्शियमशी बांधली गेलेली असते. क्वार्ट्झ येतो वाळूतून आणि दगडातून. म्हणून गोणी ओतणाऱ्या बिगाऱ्यापेक्षा वाळलेलं काँक्रीट ब्रेकरने फोडणारा, भिंतीत वायरिंगसाठी झिरी मारणारा, वाळू चाळणारा आणि तुमचा फरशीवाला जास्त धोक्यात असतात. ‘सिमेंट’ म्हणून बदनामी एकाची होते आणि दुसरा नामानिराळा राहतो.

दगडादगडातही फरक आहे. संगमरवरात क्वार्ट्झ कमी, कारण तो मुळात चुनखडीच. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, त्यातही मोकळा क्वार्ट्झ नगण्यच. त्याची धूळ म्हणून हुंगायला चांगली असं नव्हे, पण गारगोटीची नांगी तिला नाही. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ बराच असतो, ग्रॅनाइटमध्ये जे चमचमतं त्यातलं काही तेच. वालुकाश्मात त्याहून जास्त. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्समध्येही तो असतो. आणि सगळ्यात वर आहे तो हल्लीचा ‘क्वार्ट्झचा ओटा’, म्हणजे गारगोटीचा चुरा राळेत घट्ट बसवून बनवलेला कृत्रिम दगड. त्यात नव्वद टक्क्यांच्या वर सिलिका असू शकते. असे ओटे कापणाऱ्या तरुण कारागिरांमध्ये इस्रायल, स्पेन, ऑस्ट्रेलिया अशा देशांत सिलिकोसिसचे रुग्ण इतके दिसले की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असा दगड बनवणं, विकणं, बसवणं देशभर बंद केलं. बसवलेल्या ओट्यावर पोळ्या लाटायला काही धोका नाही. दगड अखंड असताना तो निरुपद्रवी आहे. धोका तो कापताना. तुमचा ओटा कशाचा ते तुम्ही लिहिलं नाहीत. अजून निवडायचा असेल तर एवढं लक्षात असू द्या.

‘अशी किती धूळ जाणार आहे हो छातीत?’ हेही तुमच्या मनात आलं असेल. अमेरिकेतल्या नियमानुसार आठ तासांच्या पाळीत कामगाराच्या हवेत दर घनमीटरला सरासरी ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त श्वसनयोग्य सिलिका असू नये. आता हिशेब करू. अंगमेहनत करणारा माणूस आठ तासांत दहा घनमीटरच्या आसपास हवा आत ओढतो. दहा गुणिले पन्नास म्हणजे पाचशे मायक्रोग्रॅम, अर्धा मिलिग्रॅम. बारीक मिठाचे आठ-दहा दाणे बोटाच्या टोकावर घ्या, झालं वजन. दिवसभराची ही कमाल मर्यादा आहे. बंद स्वयंपाकघरात कोरडा कटर चालवला तर ती ओलांडायला फारसा वेळ लागत नाही.

त्याला खोकला नाही, हे उत्तमच. पण त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. सिलिकोसिसचा नेहमीचा प्रकार दहा वर्षांहून अधिक काळ धुळीत काढल्यावर उगवतो. धूळ फार असेल तर पाच-दहा वर्षांत. आणि प्रचंड असेल तर काही महिन्यांतही, पण तो प्रकार विरळा. सुरुवातीला आजार छातीच्या एक्स-रे फोटोत दिसतो, अंगात जाणवत नाही. मग जिना चढताना धाप लागते. मग कोरडा खोकला. तेव्हा कारागीर पस्तिशी-चाळिशीचा असतो, आणि त्याला वाटतं वय झालं.

यात आणखी एक गुंता आहे. छातीच्या फोटोतल्या या सावल्या क्षयासारख्या दिसू शकतात. त्यात आपल्या देशात क्षय मुबलक, म्हणून पहिला संशय तिकडेच जातो आणि पेशंट टीबीची औषधं घेत राहतो. बरं वाटत नाही तेव्हा पुन्हा कोर्स. उलटही खरं आहे: सिलिकाने भक्षक पेशी निकामी झालेल्या असल्यामुळे अशा माणसाला खराखुरा क्षय होण्याचा धोकाही बराच वाढतो. म्हणजे ‘टीबी नाही, धूळ आहे’ असं परस्पर ठरवून औषधं सोडायची नाहीत. बेडका तपासायचा, फोटो काढायचा, आणि डॉक्टरांना आपलं काम सांगायचं. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्याने एका प्रश्नाची भर घातली: तुझा धंदा काय? सव्वातीनशे वर्षं झाली, दवाखान्यातल्या गर्दीत हा प्रश्न अजून राहून जातो. म्हणून न विचारता सांगितलेलं बरं. शिवाय सिलिकाची धूळ फुफ्फुसाच्या कर्करोगालाही कारण ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९७ मध्ये तिला मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत घातलं.

हे सगळं परदेशातलं वाटत असेल तर आपली पाटीवरची पेन्सिल आठवा. आपल्यातल्या अनेकांनी तिने अआइई गिरवलं, आणि काहींनी तर चोरून खाल्लीही. त्या पेन्सिली मध्य प्रदेशातल्या मंदसौर भागात दगड कापून बनत. त्या धुळीने तिथल्या कारागिरांच्या छात्या इतक्या लहान वयात भरल्या की तो भाग भारतातल्या सिलिकोसिसच्या अभ्यासात ठळकपणे नोंदला गेला. पेन्सिल खाणाऱ्या मुलाला त्यातून सिलिकोसिस झाला नाही, कारण ती पोटात गेली. कापणाऱ्याला झाला. हा फरक डोक्यात ठेवा, गुळाच्या वेळी उपयोगी पडेल.

आता रुमाल. सुती रुमालाच्या विणीतली भोकं या कणांपुढे म्हणजे किल्ल्याचे दरवाजे. त्यातही श्वास घेताना हवा नाकाच्या बाजूंनी, गालावरच्या फटींतून, सोपी वाट धरून आत जाते. रुमाल दिसणारी धूळ अडवतो आणि न दिसणारी सोडतो, त्यामुळे फायद्यापेक्षा भ्रमच अधिक देतो: तोंडात कचकच होत नाही, म्हणून धूळ जात नाही असं वाटतं. ओला केला तरी फार फरक पडत नाही. करोनाकाळातला निळा सर्जिकल मास्कही कडेने उघडाच. एन-९५ प्रकारचा मास्क मात्र हे बारीक कण खरोखर अडवतो, कारण त्याच्या धाग्यांवर विद्युतभार असतो आणि कण त्यांना ओढले जाऊन चिकटतात. अट एकच, तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. दाढी असेल तर बसत नाही. दोन्ही पट्टे डोक्यामागे हवेत. एक पट्टा गळ्यात लोंबत असेल तर तो मास्क नव्हे, दागिना.

पण मास्क हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. मे महिन्यात बंद खोलीत आठ तास घट्ट मास्क लावून कुणी काम करून दाखवावं, मग दुसऱ्याला ‘काय हे निष्काळजी लोक’ म्हणावं. पहिला उपाय धूळ उडूच न देण्याचा, आणि तो म्हणजे पाणी. पात्यावर पाण्याची बारीक धार सुटली की कण जागच्या जागी भिजून चिखल होतो. बहुतांश धूळ हवेत जातच नाही.

ही युक्ती नवी नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या हॉक्स नेस्टच्या डोंगरातून १९३० साली वीजनिर्मितीसाठी एक बोगदा खणायला घेतला. दगड जवळजवळ शुद्ध सिलिकेचा. पाणी सोडून भोकं पाडली की धूळ बसते हे तेव्हा खाणकामात ठाऊक होतं. पण कोरडं खोदकाम वेगाने होतं. म्हणून कोरडंच झालं. मजूर बहुतेक दक्षिणेतून आलेले गरीब कृष्णवर्णीय. शेकडो माणसं पुढच्या काही वर्षांत मेली, आणि १९३६ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे त्याची सुनावणी झाली. तो प्रकल्प ज्या कंपनीचा होता तिचं नाव युनियन कार्बाइड. हो, तीच, भोपाळच्या वायुदुर्घटनेतली.

मग तुमचा फरशीवाला पाणी का वापरत नाही? आळस म्हणून नाही. हातात विजेचं यंत्र आणि वर पाणी, शॉक बसायची भीती अगदी रास्त आहे. शिवाय चिखलाचे शिंतोडे नव्या भिंतीवर उडाले तर घरमालकीण रागावते. (तुम्हाला म्हणत नाही.) तर यात घरमालकाने करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि मला वाटतं निम्मं काम खरं त्याचंच आहे. फरशीवाल्याला सांगा, ‘कापायचं ते गॅलरीत किंवा खाली अंगणात काप, डाग पडले तर पडू देत.’ बऱ्याच मार्बल कटरना पाण्याची बारीक नळी जोडायची सोय असते. ती पहिल्याच दिवशी खोक्यात जाते आणि तिथेच राहते. ती शोधायला लावा. यंत्राची वायर सोललेली नाही ना पाहा आणि ज्या प्लगला ते लावायचं त्या लाइनवर ईएलसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच आहे ना, याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घ्या. नसेल तर पाण्याचा प्रयोग करू नका. आणि सरळ काप असेल तर हाताने चालवायचा टाइल कटर निघतो, ओरखडा काढून टाइल मोडणारा. त्यात ना वीज, ना धूर. कोपरे आणि गोल कापायलाच मग यंत्र लागतं. काम संपल्यावर कोरडा झाडू मारू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर बसलेली धूळ पुन्हा उठते. कपडे घरात झटकायचे नाहीत.

तुमच्या घरच्यांना या आठवड्याभराने सिलिकोसिस होणार नाही, घाबरू नका. हा आजार वर्षानुवर्षांच्या हिशेबाचा आहे. घरात दम्याचं कुणी किंवा तान्हं मूल असेल तर कापकामाच्या वेळी त्यांना दुसरीकडे ठेवा, एवढं पुरे. तुमच्याकडे आठ दिवसांचं काम. त्याचं मात्र उद्या दुसऱ्याकडे, परवा तिसऱ्याकडे.

हाच त्याच्या पुढच्या अडचणीचाही मुद्दा आहे. कारखान्यातल्या माणसाचा मालक एक असतो, हजेरी असते. नाक्यावरून उचललेल्या कारागिराने वीस वर्षांत शेकडो घरं बांधलेली असतात. धूळ कुणाच्या घरी खाल्ली हे सिद्ध कुणी करायचं? म्हणून त्याची नोंदणी कुठेतरी असणं फार महत्त्वाचं. महाराष्ट्रात इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. बांधकामांवर घेतल्या जाणाऱ्या एक टक्का उपकरातून त्याचा निधी उभा राहतो. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला, एवढ्यावर नाव नोंदवता येतं. दाखला मिळवताना तंगडतोड होते, हे खरं. तुम्ही ठेकेदाराला फोन करून ‘याचा दाखला दिलास का रे?’ असं विचारलंत तर त्या मुलाच्या दहा हेलपाट्यांइतकं काम होईल. वर्षातून एकदा छातीचा फोटो आणि फुंकर मारायची ती फुफ्फुसाची तपासणी करून घे, हेही सांगा.

राहता राहिला गूळ. अन्ननलिका वेगळी, श्वासनलिका वेगळी. घशाशी त्यांची वाट फुटते, पुढे भेट नाही. गिळलेला गूळ पोटात जातो. तो वायुकोशात जाऊन धूळ गोळा करून आणेल असा रस्ताच नाही. दूध, केळी, तूप, आणि काहींच्या मते संध्याकाळची ‘थोडीशी’, या सगळ्यांचं तेच. मग गूळ खाल्ल्यावर बरं का वाटतं? गोडाने लाळ सुटते, घसा ओला होतो, तिथे अडकलेली जाडी धूळ खाली उतरते. म्हणजे तो म्हणतो ते अगदीच खोटं नाही. धूळ खरंच पोटात उतरते, पण घशातली, छातीतली नव्हे. मुलाने खाल्लेल्या पेन्सिलीसारखीच, पोटात जाणारी ती निरुपद्रवी धूळ.

गुळाची थट्टा करून मोकळं होता येणार नाही, कारण त्यावर खरंच संशोधन झालेलं आहे. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९९४ साली उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. धूळ दिलेल्या उंदरांना गूळ खाऊ घातला तेव्हा फुफ्फुसातले कण लसिकाग्रंथींकडे जास्त प्रमाणात हललेले दिसले, इजाही थोडी सौम्य वाटली. पण उंदरांत दिसलं म्हणून माणसात सिद्ध झालं असं होत नाही, आणि गूळ खाणाऱ्या कामगाराला सिलिकोसिस होत नाही असं कुणीही दाखवलेलं नाही.

तेव्हा त्याला गूळ जरूर द्या. दिवसभर राबलेल्या पोराला गूळ-शेंगदाणे चांगलेच. फक्त देताना खोक्यातली ती नळी कुठे आहे तेही विचारा.